मला कळलं नाही, पुन्हा सांगा

(महिला कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात एका वैद्यकीय समाजसेविकेने केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



या शिबिरात दोन दिवस रेशन, पोटगी, घरातली मारहाण, ग्रामसभा अशा विषयांवर आपण बोललो. माझा विषय तुम्हाला जरा बाजूचा वाटेल. गंभीर आजारी मुलांनी आणि त्यांच्या घरच्यांनी रुग्णालयात स्वतःची बाजू स्वतः कशी मांडावी, आणि ते त्यांना जमावं म्हणून आपण काय करू शकतो, याबद्दल मला बोलायचं आहे. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या बालविभागात मी अकरा वर्षं काम करते आहे. आमच्याकडे येणारी मुलं साध्या तापखोकल्याची नसतात. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, सिकल सेल, किडनीचे आणि हृदयाचे आजार, असं वर्षानुवर्षं चालणारं दुखणं घेऊन ती येतात.

तुम्ही विचाराल, हा आरोग्याचा प्रश्न झाला, बायकांच्या संघटनेचा त्यात काय संबंध?

कुठल्याही सरकारी रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात दुपारी जाऊन उभ्या राहा. खाटेशेजारी कोण दिसतं? आई. आई नसेल तर आजी, मावशी, नाहीतर शाळा सोडून आलेली मोठी बहीण. रात्री खाटेखाली चटई टाकून कोण झोपतं? तीच. कालपासून किती उलट्या झाल्या, लघवीचा रंग कसा होता, कुठल्या औषधानंतर पोर चिडचिड करायला लागलं, हे कुणाला ठाऊक असतं? तिलाच. आणि डॉक्टरांचा राउंड आला की पहिला प्रश्न होतो, "याचे वडील कुठे आहेत?" ज्याला सगळ्यात कमी माहीत, त्याला आजार समजावून सांगितला जातो. जिला सगळ्यात जास्त माहीत, तिला "बाई, जरा बाजूला व्हा" असं सांगितलं जातं. आणि ज्याच्या अंगात सुई जाणार, त्या मुलाशी कुणी बोलतच नाही. बोललंच तर "शहाणं बाळ ना तू? रडायचं नाही," एवढंच.

आपल्या शरीराबद्दलचे निर्णय आपल्याला न विचारता घेतले जातात, इथूनच आपल्या चळवळीची सुरुवात झाली. आजारी मूल आणि त्याच्या उशाशी बसलेली बाई, दोघांनाही तेच भोगावं लागतं. म्हणून हा आपला प्रश्न आहे.

गप्प बसण्याची किंमत

डॉक्टरांनी नीट सांगितलं नाही, बाईने विचारलं नाही, तर बिघडतं काय? औषध तर मिळतंच आहे ना? असं मला कितीतरी जण विचारतात.

मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचं उदाहरण घेऊ. त्याचा उपचार दोन ते अडीच वर्षं चालतो. पहिला महिना-दीड महिना फार कठीण जातो. त्यानंतर तपासणीत रोग दिसेनासा होतो, मूल जेवायला लागतं, खेळायला लागतं. पुढे केसही परत येतात. घरच्यांना वाटतं, सुटलो. पण रोगाच्या पेशी अजून शरीरात लपून असतात आणि पुढची दोन वर्षं औषध घ्यायचं ते त्यांच्यासाठीच. हे ज्या घराला समजेल अशा भाषेत कुणी सांगितलेलं नसतं, ते घर गावी निघून जातं. पेरणी असते, दुसरं मूल घरी असतं, कर्ज झालेलं असतं. मराठवाड्यातून आलेली एक आई पाच महिन्यांनी मुलीला परत घेऊन आली, तेव्हा रोग उलटला होता. ती मला म्हणाली, "केस आले म्हणजे रोग गेला असं मला वाटलं. विचारणार होते, पण साहेब घाईत होते."

श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण फारच खाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली यासाठी उपक्रम सुरू केला, आणि २०३० पर्यंत जगभर निदान ६० टक्के मुलं वाचावीत असं उद्दिष्ट ठेवलं. मुलं दगावण्यामागे निदानाला उशीर, औषधांचा तुटवडा अशी मोठी कारणं आहेत. पण उपचार अर्धवट सुटणं हेही त्यातलं एक ठळक कारण आहे. अर्धवट सुटण्यामागे गरिबी असते, आणि न विचारलेला प्रश्नही असतो.

त्यातही मुलगी असेल तर आणखी एक पदर जोडला जातो. आपल्या देशातल्या मोठ्या कर्करोग केंद्रांच्या नोंदी पाहिल्या तर मुलींपेक्षा मुलग्यांची संख्या बरीच जास्त दिसते. काही कर्करोग मुलग्यांना थोडे अधिक होतात हे खरं, पण एवढ्या फरकाचा उलगडा तेवढ्याने होत नाही. काही मुली रुग्णालयापर्यंत पोचतच नाहीत. आणि पोचलेल्या मुलीच्या खाटेशी सासरचं कुणी येऊन म्हणतं, "किती दिवस हिच्यामागे धावणार?" त्या क्षणी आईला उत्तर देता आलं पाहिजे. "डॉक्टरांनी सांगितलंय, ही बरी होऊ शकते, अजून सोळा महिने उपचार बाकी आहेत," हे वाक्य तिच्याकडे तयार असेल तर ती उभी राहते. तिला काही माहीतच नसेल तर नुसत्या रडण्याने ती कुणाला थांबवणार?

बाईंचा फोन

आता आपल्या कार्यकर्त्यांच्या सवयीबद्दल बोलते. एखादं मूल अडलं की आपण काय करतो? फोन करतो. मी फोन केला की रक्ताची पिशवी मिळते, सोनोग्राफीची तारीख महिन्याऐवजी आठवड्यावर येते. घरचे हात जोडतात, "बाई, तुमच्यामुळे झालं." ऐकायला बरं वाटतं. जीव धोक्यात असेल तेव्हा असा फोन केलाच पाहिजे, त्यात दुमत नाही.

पण थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, आणि तेही जन्मभर. प्रत्येक वेळी बाईंचा फोन लागणार का? बाई रजेवर असतील, बाईंची बदली होईल. मग ती आई पुन्हा रक्तपेढीच्या खिडकीसमोर मुकी उभी राहणार. शिवाय मी फोन करते तेव्हा त्या खिडकीमागचा माणूस काय शिकतो? बाईंच्या ओळखीचं असेल तर द्यायचं, एवढंच. त्या आईचा हक्क त्याने मान्य केलेला नसतो, माझा शब्द पाळलेला असतो.

म्हणून आमच्या विभागात आम्ही एक रीत ठेवली आहे. काम तातडीचं नसेल तर आधी आई बोलते, मी तिच्या मागे उभी राहते. ती अडखळली तरी मी मध्ये पडत नाही. काम झालं तर तिचं झालं. नाही झालं तर आम्ही दोघी बाहेर येऊन बसतो आणि पुढच्या वेळी काय बोलायचं ते ठरवतो. याला वेळ लागतो. पण तीन-चार वेळा असं झालं की तीच बाई शेजारच्या खाटेवरच्या नव्या आईला सांगत असते, "त्या खिडकीवर जाऊ नका, आधी सिस्टरकडून फॉर्म भरून घ्या."

आईचा सराव

हे शिकवायचं कसं? त्यात अवघड काही नाही. तुम्ही गटात जे करता तेच.

पहिलं म्हणजे वही. शंभर पानी, साधी. त्यात तारीख, ताप, दिलेलं औषध, रक्त तपासणीचे आकडे लिहायचे. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, हे तीन शब्द दहा दिवसांत सगळ्याजणी शिकतात. लिहिता न येणाऱ्या बायका खुणा करतात. तापाला लाल टिकली, उलटीला फुली, रक्त चढवलं की गोल. एक आजी तर दोरीला गाठी मारायची, आणि तिच्या गाठी कधी चुकल्या नाहीत. आता बहुतेक घरांत एकतरी मोबाइल असतो. प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवायचा, केसपेपर हरवला तरी अडत नाही.

दुसरं म्हणजे तीन प्रश्न. डॉक्टरांसमोर गेल्यावर सगळं विसरायला होतं, म्हणून तीनच. आजाराचं नाव काय आणि तो बरा होण्यासारखा आहे का? उपचार किती दिवसांचा आणि पुढची पायरी कोणती? घरी काय झालं तर वाट न पाहता धावत यायचं? या तिसऱ्या प्रश्नाने जीव वाचतात. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला ताप आला तर तो साधा ताप समजायचा नसतो. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतील तर काही तासांत जंतुसंसर्ग अंगभर पसरू शकतो. "सकाळी बघू" म्हणून चालत नाही. हे ठाऊक असलेली आई रात्री दोन वाजता अपघात विभागात ठामपणे सांगते, "याची केमो चालू आहे, याला थांबवून ठेवू नका."

तिसरं म्हणजे सराव. दर गुरुवारी दुपारी आम्ही आयांना एकत्र बसवतो. एकजण डॉक्टर होते, एकजण सिस्टर, एकजण खिडकीवरचा क्लार्क. बायका डॉक्टरांची नक्कल इतकी हुबेहूब करतात की हसून पुरेवाट होते. पण त्या हसण्यात भीती कमी होते. मग आम्ही वाक्यं घोकतो. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, "साहेब, मला कळलं नाही, पुन्हा सांगा." ऐकायला सोपं आहे ना? तुम्ही बोलून पाहा. आपल्याला लहानपणापासून मान हलवायला शिकवलेलं आहे. कळलं नाही असं म्हणणं म्हणजे अडाणीपणा कबूल करणं, असं वाटतं. तेव्हा आधी हे मनात रुजवावं लागतं की न कळण्याची लाज आपण बाळगायची नाही. कळेल असं सांगणं हे सांगणाऱ्याचं काम आहे.

त्याच्या जोडीला दुसरं वाक्य, "मला जे समजलं ते मी सांगते, बरोबर आहे का बघा." यावर डॉक्टरही सहसा चिडत नाहीत. पुष्कळ तरुण डॉक्टरांना ते आवडतं. एका पाळीत शंभर-शंभर मुलं तपासणारे ते निवासी डॉक्टर आपले शत्रू नव्हेत, हेही गटात स्पष्ट बोलायला हवं.

मुलाला माहीत असतं

आता मुलांकडे येऊ. घरचे मला कळवळून सांगतात, "बाई, पोराला काही सांगू नका, धसका घेईल." त्यामागची माया मला समजते. पण न सांगितल्याने मुलाला कळत नाही, हा समज खरा नाही.

मायरा ब्लूबॉण्ड-लँगनर नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांमध्ये राहून अभ्यास केला. तो १९७८ साली पुस्तकरूपाने आला. त्या काळात हा आजार बहुतेक वेळा जीवघेणा ठरायचा. कुणी काही सांगितलेलं नसतानाही त्या लहान मुलांना आपल्याला काय झालंय, इतकंच काय, आपण मरणार आहोत हेही कळलेलं होतं. दुसऱ्या मुलांकडून, औषधांवरून, मोठ्यांच्या कुजबुजीवरून त्यांनी ते जुळवलेलं होतं. आणि मोठ्यांना त्रास नको म्हणून ती मुलं काहीच माहीत नसल्याचं सोंग करत होती. म्हणजे आईबाप मुलाला सांभाळत होते, मूल आईबापांना सांभाळत होतं, आणि दोघंही एकटी पडत होती.

तेव्हा सांगायचं. वयाला पेलेल तेवढं, पण खोटं नाही. "तुझ्या रक्तात काही पेशी बिघडल्यात, त्यांना घालवायला हे औषध आहे. त्याने उलट्या होतील, केस जातील, पण केस परत येतात." पाच वर्षांच्या मुलाला एवढं कळतं. "दुखणार नाही" असं कधीही सांगायचं नाही. एकदा ते खोटं ठरलं की पुढच्या वेळी ते मूल कुणावरच विश्वास ठेवत नाही. "दुखेल, मुंगी चावल्यापेक्षा जास्त दुखेल, दहा आकडे मोजेपर्यंत," असं सांगावं.

आणि विचारायचं. इथे एक पथ्य आहे. ज्या प्रश्नाला "नाही" हे उत्तर चालणार नाही, तो प्रश्न मुलाला विचारायचा नाही. "सुई टोचू का?" असं विचारून मूल नाही म्हणालं आणि तरी टोचली, तर आपण त्याच्या शब्दाची किंमत शून्य केली. पण कुठल्या हाताला टोचायची, आईच्या मांडीवर बसून की खाटेवर झोपून, सुई बघायची की तोंड फिरवायचं, हे विचारता येतं. पाठीतून पाणी काढताना हात वर केला की डॉक्टरांनी क्षणभर थांबायचं, असं आधी ठरवता येतं. एवढीशी गोष्ट, पण ज्याच्या शरीराशी सगळे परस्पर वागतात त्या मुलाला एक जागा तरी अशी मिळते जिथे त्याचं चालतं.

दुखण्याबद्दलही तेच. अमेरिकेतल्या ओक्लाहोमामध्ये डोना वाँग आणि कॉनी बेकर या दोघींनी १९८० च्या दशकात सहा चेहऱ्यांची पट्टी तयार केली. हसऱ्या चेहऱ्यापासून रडणाऱ्या चेहऱ्यापर्यंत. मूल बोट ठेवून सांगतं, मला एवढं दुखतंय. आम्ही ती पाटीवर खडूने काढतो, खर्च शून्य. मुलाने पाचव्या चेहऱ्यावर बोट ठेवलं तर आईने ते सिस्टरला दाखवायचं आणि म्हणायचं, "याच्या दुखण्याला औषध द्या." मुलांना दुखतं कमी, किंवा मॉर्फिन दिलं की सवय लागते, असे गैरसमज अजून आहेत. तीव्र वेदनांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन सुरक्षितपणे देता येतं. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली ती अशी औषधं रुग्णांपर्यंत पोचणं सोपं व्हावं यासाठीच. दुखणं सोसणं हा मोठेपणा नाही, हे आपण बाळंतपणाच्या बाबतीत म्हणत आलो. मुलांच्या बाबतीतही म्हणू या.

वाढत्या वयाच्या मुली

दहा-बारा वर्षांच्या पुढची मुलं बोलायला अधिक तयार असतात, आणि त्यांचंच अधिक दाबलं जातं. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ प्रिसिला ऑल्डरसन यांनी ८ ते १५ वर्षांच्या १२० मुलांशी त्यांच्या शस्त्रक्रियेच्या निर्णयाबद्दल बोलून १९९३ साली पुस्तक लिहिलं. त्यातून दिसलं ते असं की मुलाची समज नुसत्या वयावर ठरत नाही, त्याने काय सोसलं आहे आणि त्याला काय सांगितलं गेलं आहे यावरही ठरते. आमच्याकडची पंधरा वर्षांची थॅलेसेमियाची मुलगी नव्या डॉक्टरला सांगते, "या हाताची शीर मिळत नाही, दुसरीकडे बघा." तिला लोह कमी करणारं औषध रोज का घ्यायचं हे ठाऊक असतं. पण डॉक्टर बोलतात तिच्या आईशी. तिच्या मनात प्रश्न असतात पाळी उशिरा का येते याचे, लग्नाचे, मूल होईल का याचे. वडिलांसमोर, काकासमोर ती ते कसे विचारणार? "मला डॉक्टरबाईंशी पाच मिनिटं एकटीला बोलायचं आहे," हे वाक्य आम्ही या मुलींना शिकवतो, आणि ती पाच मिनिटं मिळतील असं बघतो.

शिवाय आपल्याकडे अनेक सरकारी रुग्णालयांत बारा वर्षं पूर्ण झाली की मुलाला मोठ्यांच्या वॉर्डात पाठवतात. ओळखीचे डॉक्टर, ओळखीच्या सिस्टर एकदम सुटतात. ज्या मुलीला आपला आजार, आपली औषधं, आपला रक्तगट स्वतः सांगता येतो ती तिथे टिकते. ही तयारी बाराव्या वाढदिवशी होत नाही, सातव्या-आठव्या वर्षापासून करावी लागते.

सही कुणाची, दोष कुणाचा

संमतीच्या कागदावर सही करायची वेळ आली की "वडिलांना बोलवा" हे हमखास ऐकू येतं. वडील ऊसतोडीला, वडील सुरतेला, वडील घर सोडून गेलेले. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ मध्ये वडील आणि त्यांच्या 'नंतर' आई असं म्हटलं आहे. गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली या 'नंतर'चा अर्थ स्पष्ट केला. वडील मेल्यावरच आई पालक, असं नाही. वडील हजर नसतील, लक्ष घालत नसतील, मुलाचा सगळा भार आईवर असेल, तर वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक ठरते. हा निकाल कार्यकर्तीला तोंडपाठ असायला हवा. आणि जीव वाचवण्याची तातडी असेल तर सहीसाठी उपचार थांबवता येत नाहीत, हेही.

सही म्हणजे नुसता अंगठा नव्हे. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की काय करणार आहोत, त्यात धोका काय, दुसरा पर्याय काय, हे आधी पुरेसं सांगून घेतलेली संमती हीच खरी संमती. तो खटला एका बाईचं गर्भाशय तिला न विचारता, ती भुलीखाली असताना काढून टाकल्याचा होता. बायकांच्या अनुभवातून आलेलं हे तत्त्व आज आजारी मुलांच्या आयांच्याही कामाचं आहे.

दोषाचं म्हणाल तर तो ठरलेलाच. "हिच्या माहेरचं रक्त खराब." थॅलेसेमिया आणि सिकल सेल हे आजार मुलाला होतात ते आई आणि वडील दोघंही वाहक असतील तेव्हा. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के असते. प्रत्येक गरोदरपणात, पहिलं निरोगी झालं तरी. विदर्भात, नंदुरबारकडे ज्या संघटना काम करतात त्यांना या आजारांच्या नावाने टाकलेल्या बायका ठाऊक आहेत. नवऱ्याला समोर बसवून डॉक्टरांच्या तोंडून "दोघांकडून आलंय" हे वदवून घेणं, हीसुद्धा स्वतःची बाजू मांडणंच आहे.

हातात असावेत असे कागद

थोडक्यात सांगते, लिहून घ्या. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेचं संरक्षण राज्यातल्या सर्व कुटुंबांना, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत, देण्याचा निर्णय शासनाने २०२३ साली घेतला. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला गाठा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्यात अंगणवाडीत आणि शाळेत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. जन्मजात हृदयविकार तिथे लक्षात आला तर पुढचा उपचारही त्यातून होतो. सार्वजनिक न्यासांच्या कायद्याचं कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णाकडे ते अनामत रक्कम मागू शकत नाहीत. थॅलेसेमिया, सिकल सेल, हिमोफिलिया हे २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यात आले आहेत, त्याचं प्रमाणपत्र काढा. उपचाराचे कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत असा डॉक्टरांसाठी २००२ पासून नियम आहे. आणि भारताने १९९२ साली मान्य केलेल्या बालहक्क संहितेचं बारावं कलम सांगतं की स्वतःशी संबंधित बाबतीत मुलाला मत मांडण्याचा आणि ते विचारात घेतलं जाण्याचा हक्क आहे.

एकटीच्या डोक्यावर नको

शेवटी एक इशारा. "आईने विचारायला शिकलं पाहिजे" असं म्हणता म्हणता उद्या कुणी म्हणेल, औषध मिळालं नाही कारण आईने मागितलं नाही. हे आपण होऊ द्यायचं नाही. रुग्णालयात औषध असणं, पुरेशा सिस्टर असणं, ही शासनाची जबाबदारी आहे. बाई बोलली नाही म्हणून ती जबाबदारी संपत नाही. आधीच रात्रंदिवस जागणाऱ्या बाईवर आणखी एक परीक्षा लादण्यासाठी हे शिकवणं नाही.

म्हणून एकटीने बोलण्याकडून एकत्र बोलण्याकडे जायला हवं. इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकापर्यंत बऱ्याच रुग्णालयांत आयांना मुलाजवळ थांबू देत नसत, ठरावीक वेळी भेट, तीही कुठे कुठे आठवड्यातून एकदोनदाच. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयात एकट्या पडलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. १९५९ साली सरकारी समितीने आईवडिलांना मोकळेपणाने येऊ द्यावं अशी शिफारस केली. पण अहवाल कागदावरच राहतोय असं पाहून १९६१ साली लंडनच्या बॅटरसी भागातल्या काही आयांनी संघटना काढली, आणि रुग्णालयागणिक जाऊन विचारलं, तुमच्याकडे नियम बदलला का? आज तिकडे आई मुलाजवळ थांबते ती त्या बायकांच्या विचारण्यामुळेही.

आपल्याला काय करता येईल? तुमच्या गावातलं, वस्तीतलं एखादं मूल दीर्घ आजारी असेल तर त्या आईला गटाच्या बैठकीत आणा. ती येऊ शकत नसेल तर बैठक तिच्या दारात घ्या. तिच्याबरोबर रुग्णालयात एकजणीने जा, पण बोलू द्या तिला. ती मुंबई-नागपूरला असेल तेव्हा घरच्या दुसऱ्या मुलांचं जेवण, तिची बुडणारी मजुरी, याची जबाबदारी वाटून घ्या, कारण पोटाची काळजी असलेली बाई प्रश्न विचारायला थांबू शकत नाही. मुलाच्या शाळेत जा, केस गेलेल्या मुलाला वर्गात चिडवू नये आणि आजार लागट नाही हे बाईंना, मास्तरांना सांगा. आणि तीन-चार घरं झाली की त्या आयांची ओळख करून द्या. पुढचं त्या करतात.

उद्या सकाळच्या सत्रात आपण हा सराव इथेच करून बघणार आहोत. तुमच्यापैकी दोघी डॉक्टर होतील, दोघी सिस्टर, आणि बाकीच्या साऱ्या आया आणि मुलं. वही-पेन घेऊन या. आणि आज मी बोलले त्यातलं जे समजलं नसेल ते आत्ताच विचारा. मला कळलं नाही, पुन्हा सांगा, असं म्हणायला सुरुवात आपल्यापासूनच करू या.